वाचकांचे प्रश्न : ताऱ्याचा कोन आणि ताऱ्याचं अंतर

मागच्या अंकात ताऱ्यांच्या अंतरांवर एक छोटं टिपण होतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पडद्यावर वर्षभरात किंचित इकडेतिकडे झालेला दिसतो. त्या हालचालीचा निम्मा कोन म्हणजे पराशय, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर सातारा-सांगली भागातून बरीच पत्रं आली. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं अशी :

अंतर = १ ÷ पराशय हे सूत्र पाठ आहे. पण त्यात टॅन कुठे गेला? सहा महिन्यांत पृथ्वी २ खगोलीय एककं सरकते, मग सूत्रात १ च का? कॅल्क्युलेटरवर व्याधाचं अंतर काढलं तर भलताच आकडा येतो.
(अकरावी विज्ञान, तासगाव)

टॅन कुठे गेलेला नाही. कोनच इतका बारीक आहे की त्याला काही काम उरत नाही.

कागदावर काटकोन त्रिकोण काढ. काटकोन सूर्यापाशी. सूर्य ते पृथ्वी ही छोटी बाजू, म्हणजे १ खगोलीय एकक (१४ कोटी ९६ लाख किलोमीटर). तिसऱ्या टोकाला तारा, आणि ताऱ्यापाशी होणारा कोन म्हणजे पराशय. म्हणून टॅन (पराशय) = १ ÷ अंतर. पृथ्वी २ एककं सरकते हे खरं, पण तेव्हा ताराही पराशयाच्या दुप्पट हललेला दिसतो. दोन्हीकडचे दोन गेले, राहिला एक.

आता कोन रेडियनमध्ये लिहिला आणि तो फार लहान असला, तर टॅन, साइन आणि खुद्द कोन यांत फरक राहत नाही. सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याचा पराशय ०.७६८ विकला आहे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तिथेसुद्धा टॅनऐवजी नुसता कोन घेतल्याने होणारी चूक लाख कोटीत चार-पाच एवढीच. १ रेडियन म्हणजे २,०६,२६५ विकला (१८० × ३६०० ÷ पाय, करून बघ). म्हणून अंतर = २,०६,२६५ ÷ पराशय, हे खगोलीय एककांत. दर वेळी हा लांबलचक आकडा कोण लिहिणार, म्हणून २,०६,२६५ खगोलीय एककांनाच १ पार्सेक म्हटलं. किलोमीटरमध्ये तो ३०.९ लाख कोटी भरतो, प्रकाशवर्षांत ३.२६.

तुझं उत्तर बिघडतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, विकला तशाच घालून टॅनचं बटण दाबलं जातं. कॅल्क्युलेटरला अंश हवेत, म्हणजे व्याधाच्या ०.३७९ विकलांना आधी ३६०० ने भागायचं. ते ०.०००१०५ अंश झाले. दुसरं, यंत्र रेडियनवर ठेवलेलं असतं. सरळ १ ÷ ०.३७९ कर : २.६४ पार्सेक, गुणिले ३.२६, झाली ८.६ प्रकाशवर्षं.

विकला म्हणजे केवढी, हे डोळ्यासमोर आणायचं तर सांगलीत कोणी दहा रुपयांचं नाणं हातात धरून उभं आहे आणि तू १० किलोमीटरवर मिरजेत आहेस असं समज. २७ मिलिमीटर व्यासाचं ते नाणं तिथून अर्ध्या विकलेपेक्षा किंचित मोठं भरेल.

शाळेच्या मैदानावर मुलांकडून पराशयाने ध्वजस्तंभाचं अंतर काढून घेतलं. पायारेषा १० मीटर, स्तंभ टेपने मोजून १०० मीटरवर. दोन्ही टोकांना मोठा कोनमापक ठेवून कोन घेतले. उत्तरं ८५ पासून १२० मीटरपर्यंत आली. पद्धत चुकते की मुलं?
(विज्ञान शिक्षिका, सातारा)

मुलांना बोल लावू नका. १० मीटर पायारेषेवर १०० मीटर दूरच्या खांबाचा कोन फक्त ५.७ अंश होतो. कोनमापकावर प्रत्येक टोकाला अर्धा अंश चूक ठरलेलीच. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या की ५.७ मधला १ अंश गेला, म्हणजे १७-१८ टक्के. तुमचा ८५ ते १२० चा पसारा तिथूनच आला. मोबाइलमधलं होकायंत्र वापरायचा मोह टाळा. जवळ लोखंडी फाटक किंवा स्टीलचं बाक असलं की ते सहज पाच अंश भरकटतं.

त्यापेक्षा ताऱ्यांसाठी करतात तेच करा : निरपेक्ष कोन मोजूच नका, दूरच्या खुणेपासूनचा फरक मोजा. तुमच्या पत्रात स्तंभाच्या मागे अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा दिसतो आणि तो साधारण ३ किलोमीटरवर आहे असं लिहिलं आहे. तीच तुमची पार्श्वभूमी.

३० सेंटिमीटरच्या पट्टीला मधोमध दोरा बांधा. दोऱ्याला ५७.३ सेंटिमीटरवर गाठ मारा. गाठ डोळ्याखालच्या हाडावर टेकवून दोरा ताणला की पट्टीवरचा १ सेंटिमीटर म्हणजे १ अंश आणि १ मिलिमीटर म्हणजे ०.१ अंश. (५७.३ हा १ रेडियनमधल्या अंशांचा आकडा; तासगावच्या विद्यार्थ्याने हेही वाचावं.) हात पुरत नसल्याने दोरा ताणेना अशा मुलाचं मोजमाप बिघडतं, म्हणून पट्टी एकाने धरावी आणि दुसऱ्याने एकच डोळा उघडा ठेवून वाचावी.

पायारेषा स्तंभाकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात हवी. ३, ४ आणि ५ मीटर अशा लागोपाठच्या अंतरांनी गाठी मारलेली १२ मीटरची दोरी त्रिकोणात ताणून काटकोन जमिनीवर आखा. नजरेने आखलेली रेषा २० अंश तिरपी गेली तर कामाची पायारेषा १० ची ९.४ मीटर उरते आणि ६ टक्के चूक गुपचूप शिरते.

मग डाव्या टोकावरून स्तंभ मनोऱ्याच्या किती उजवीकडे दिसतो आणि उजव्या टोकावरून किती डावीकडे, ते वाचा. समजा ३.६ आणि १.९ सेंटिमीटर आलं. बेरीज ५.५ अंश. अंतर = ५७.३ × १० ÷ ५.५ = १०४ मीटर.

टेप १०० म्हणते, मग वरचे ४ मीटर कुठून आले? मनोराही थोडा हलतो. ३ किलोमीटरवरच्या वस्तूला १० मीटर पायारेषेवर ०.२ अंश पराशय असतोच, आणि तेवढा तुमच्या मोजणीतून वजा होऊन गेला. तो परत मिळवा : ५.७ अंश, १००.५ मीटर. ही चूक मुलांना आधी सांगून टाकू नका, त्यांनाच शोधू द्या. ताऱ्यांच्या कामातही हीच अडचण आहे. मागचे तारे अगदी अचल नसतात, त्यांचाही बारीकसा पराशय असतो आणि तो धरला नाही तर तारा आहे त्यापेक्षा दूर निघतो.

एकदा हे जमलं की तीच १० मीटर पायारेषा घेऊन ५०० मीटरवरची पाण्याची टाकी मोजायला लावा. कोन १.१ अंशावर येतो, पट्टीवरच्या दोन मिलिमीटरांनी उत्तर जवळपास शंभर मीटर हलतं आणि पायारेषा लांब का हवी हे फळ्यावर न लिहिताच कळतं.

पराशय, लंबन, पॅरलॅक्स : बरोबर शब्द कोणता?
(वाचक, मिरज)

तिन्ही चालतात. ‘लंबन’ हा जुन्या सिद्धान्तग्रंथांतला शब्द, तिथे तो मुख्यतः ग्रहणाच्या गणितात चंद्रासाठी येतो. चंद्राचा पराशय जवळजवळ १ अंश असल्याने तो धरल्याशिवाय सूर्यग्रहणाची वेळ जुळत नाही. क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या) दिशेतला भाग लंबन आणि त्याला लंब दिशेतला भाग नति, असा भेदही त्या ग्रंथकारांनी केला होता. ताऱ्यांसाठी मराठीत पराशय रुळला आहे, आम्ही तोच वापरतो.

माझ्याकडे २०० मिमी व्यासाची, १००० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण, विषुववृत्तीय माउंट आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा आहे. यावर एखाद्या ताऱ्याचा पराशय खरोखर मोजता येईल का? बर्नार्डचा तारा घ्यावा असा विचार आहे. कास किंवा चाळकेवाडीच्या पठारावर जावं, की घरची गच्ची पुरेल?
(हौशी निरीक्षक, कराड)

येईल, पण तारा बदला.

बर्नार्डचा पराशय भरघोस आहे, ०.५४७ विकला. मात्र पराशयामुळे होणारं सरकणं सर्वांत जास्त दिसतं ते तारा सूर्यापासून ९० अंशांवर असताना. बर्नार्डच्या बाबतीत ते दिवस मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतात. कराडात सप्टेंबरच्या आकाशावर काय भरवसा ठेवणार? आपल्याकडे सहा महिन्यांच्या अंतराने दोन्ही वेळा आकाश मोकळं मिळण्याची त्यातल्या त्यात बरी जोडी म्हणजे ऑक्टोबरचा मध्य आणि एप्रिलचा मध्य. त्या जोडीला नेमका बसणारा तारा आहे लायटनचा तारा, यादीतलं नाव ग्लीझ २७३. प्रत ९.९ (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा अंधुक), पराशय ०.२६ विकला, अंतर सुमारे १२.४ प्रकाशवर्षं. शोधायला सोपा : प्रश्वा (प्रोसियन) हा तेजस्वी तारा मध्यभागी आणा आणि त्याच क्रांतीवर (म्हणजे उत्तर-दक्षिण न हलता) सुमारे ३ अंश पश्चिमेला सरका. १७ ऑक्टोबरच्या आसपास तो पहाटे आणि १४ एप्रिलच्या आसपास संध्याकाळी, अशा दोन्ही वेळा सूर्यापासून ९० अंशांवर असतो.

तुमच्या जोडणीत १ पिक्सेल म्हणजे ०.७८ विकला (२०६.२६५ × ३.७६ ÷ १०००). ताऱ्याचं एकूण सरकणं ०.५२ विकला, म्हणजे दोन तृतीयांश पिक्सेल. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण ताऱ्याचा ठिपका तीन-चार पिक्सेलवर पसरलेला असतो आणि त्याचा मध्य एका चित्रात पिक्सेलच्या दहाव्या-आठव्या भागापर्यंत काढता येतो. ५० चित्रांची सरासरी घेतली की विखुरलेली चूक सातपट कमी होते. पुढची लढाई विखुरलेल्या चुकांशी नाही, एकाच बाजूला ओढणाऱ्या चुकांशी आहे.

चित्रं १५ ते ३० सेकंदांची घ्या. ५ सेकंदांच्या चित्रात हवेची थरथर पुरती मुरत नाही आणि चौकटीच्या दोन कडांचे तारे वेगवेगळे हलतात. उजेड इतकाच ठेवा की ताऱ्याचा शेंडा कॅमेऱ्याच्या कमाल आकड्याच्या निम्म्यावर राहील. शेंडा कापला गेला की मध्य काढणं व्यर्थ. तारा चौकटीच्या मधोमध, आणि तुलनेसाठी आजूबाजूचे १५-२० तारे. स्थानं काढायला ‘ॲस्ट्रोमेट्रिका’सारखी प्रणाली चालेल. तुलनेच्या ताऱ्यांसाठी गाया या ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या यानाची यादी निवडा आणि त्यांची निजगती (ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं) धरली जाते आहे ना, हे तपासा.

आता निजगतीचाच मुद्दा. लायटनचा तारा स्वतः वर्षाला ३.७४ विकला सरकतो. नुसता ऑक्टोबर आणि एप्रिल घेतला तर जे सरकणं दिसेल त्यात पराशय किती आणि निजगती किती, हे सांगता येणार नाही. म्हणून किमान तीन निरीक्षणं हवीत : ऑक्टोबर, एप्रिल, पुन्हा ऑक्टोबर. सुदैवाने त्याची निजगती जवळजवळ दक्षिणेला आहे आणि पराशयाचं हलणं जवळजवळ पूर्व-पश्चिम. पूर्व-पश्चिम दिशेत निजगती वर्षाला ०.५७ विकलाच, पूर्वेकडे.

पूर्व-पश्चिम स्थानांचा हिशेब असा यायला हवा. पहिला ऑक्टोबर ० धरा. एप्रिलमध्ये तारा ०.२३ विकला पश्चिमेला, पुढच्या ऑक्टोबरात ०.५७ पूर्वेला. दोन्ही ऑक्टोबरांची सरासरी ०.२८५, ती निजगतीने एप्रिलमध्ये जिथे यायला हवी तिथली. त्यातून एप्रिलचं उणे ०.२३ वजा केलं की ०.५१५. निम्मे करा, ०.२६. चूक ०.०३ विकलांत राखलीत तर उत्तर ११.२ ते १४.२ प्रकाशवर्षांच्या दरम्यान पडेल. घरच्या गच्चीवरून हे पुष्कळ झालं.

फसगत होते ती इथे. लायटनचा तारा तांबडा आहे, तुलनेचे तारे बहुतेक पांढरे-पिवळे. वातावरण निळा प्रकाश जास्त वाकवतं, त्यामुळे पांढरे तारे खस्वस्तिकाकडे (बरोबर डोक्यावरच्या बिंदूकडे) जरा जास्त उचलले जातात आणि तांबडा मागे राहतो. ऑक्टोबरच्या पहाटे, उजाडण्याआधी, हा तारा मध्यमंडलाच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) पूर्वेला असतो, म्हणजे मागे राहणं पूर्वेकडे. एप्रिलच्या संध्याकाळी पुरता अंधार पडेपर्यंत तो पश्चिमेला कललेला असतो, म्हणजे मागे राहणं पश्चिमेकडे. पराशयही नेमका तसाच हलवतो! चूक पराशयाचाच वेष घालून येते आणि उत्तर फुगवते. उपाय एकच, लाल किंवा अवरक्ताजवळचा फिल्टर. त्याने प्रकाशाचा पट्टा अरुंद होतो आणि रंगाचा फरक जवळपास मिटतो. फिल्टर न लावता घेतलेली चित्रं या कामाला घेऊ नका.

दुसरी फसगत माउंटची. जर्मन पद्धतीच्या माउंटवर तारा पूर्वेला असताना आणि पश्चिमेला असताना नळी उलटसुलट बसते आणि चित्र १८० अंशांनी फिरतं. न्यूटोनियन दुर्बिणीत कडेचे तारे शेपटीसारखे ओढले जातात, ती शेपटीही फिरते. म्हणून दर वेळी निम्मी चित्रं कॅमेरा १८० अंश फिरवून घ्या आणि तुलनेचे तारे चौकटीच्या मधल्या अर्ध्या भागातलेच निवडा.

जागेबद्दल विचारलं आहे. कास पठारावर ऑक्टोबरच्या पहाटे धुकं आणि दव आरशावर बसतं, चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्याने नळी हलते. ९.९ प्रतीच्या ताऱ्याला काळंकुट्ट आकाश लागत नाही, तुमची गच्ची पुरेल. फक्त एप्रिलमध्ये शेतातलं पाचट पेटलेलं असतं आणि दुपारी वळवाचे ढग चढतात, म्हणून एकाच रात्रीवर अवलंबून न राहता १४ तारखेच्या मागेपुढे दहा-बारा दिवस हाताशी ठेवा. दहा दिवसांनी पराशयाचा दोन टक्केही तोटा होत नाही.

बीटलज्यूजचं अंतर एका ठिकाणी ४२७, दुसरीकडे ४९८, तिसरीकडे ६४३ प्रकाशवर्षं दिलेलं सापडतं. आणि गायाच्या यादीत काही ताऱ्यांचा पराशय उणे आहे! उणे अंतर असतं का?
(वाचक, वाई)

आधी उणे पराशय. यानाने मोजला तो कोन, अंतर नव्हे, आणि प्रत्येक कोनाला थोडी चूक चिकटलेली असते. ताऱ्याचा खरा पराशय ०.०५ मिलिविकला (मिलिविकला म्हणजे विकलेचा हजारावा भाग) असेल आणि मोजणीची चूक ०.३ मिलिविकला, तर आकडा उणे ०.२ येणं अगदी स्वाभाविक आहे. तो तारा फार दूर आहे एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या गटाची सरासरी काढताना असे उणे तारे गाळू नका. गाळलेत तर उरलेले सगळे चुकून मोठा पराशय आलेलेच असतात आणि गट आहे त्यापेक्षा जवळ दिसतो.

एकेकट्या ताऱ्याचं अंतर १ ÷ पराशय करून काढायचं तर पराशय त्याच्या चुकीच्या किमान पाचपट असावा. त्याखाली हे सूत्र वाकडं चालतं. १० मिलिविकला, चूक २, असं उदाहरण घ्या. मधलं अंतर १०० पार्सेक. पण १२ ला ८३ आणि ८ ला १२५. कोनातली चूक दोन्ही बाजूंना सारखी, अंतरातली मात्र दूरच्या बाजूला ताणलेली. यादीत ‘आर-यू-डब्ल्यू-ई’ नावाचा, मोजणी किती नीट जुळली हे सांगणारा रकानाही पाहा. तो १.४ च्या वर असेल तर तारा जोडतारा असण्याची शक्यता आहे आणि त्याचा पराशय जपून घ्यावा.

बीटलज्यूजचे तीन आकडे तीन मोजण्यांचे. हिपार्कोस यानाच्या १९९७ च्या यादीत ७.६ मिलिविकला होते, चूक १.६. तीच निरीक्षणं पुन्हा तपासून २००७ मध्ये ६.५५ झाले. २००८ मध्ये रेडिओ निरीक्षणं जोडून सुमारे ५.१ आले. तिन्ही एकमेकांच्या चुकांच्या आसपासच आहेत. हा तारा मोजायलाच अवघड, कारण त्याची तबकडीच ४० मिलिविकलांहून मोठी आहे, पराशयाच्या सहा-सातपट. तिच्यावर तेजस्वी डाग येतात-जातात आणि प्रकाशाचा मध्य त्यांच्यासोबत हलतो. गायाचा इथे उपयोग नाही, कारण ३ प्रतीपेक्षा तेजस्वी तारे त्याला झेपत नव्हते. व्याध, अभिजित यांच्यासाठीही अजून हिपार्कोसच बघावं लागतं.

कृत्तिकांचं उदाहरण याहून बोलकं. हिपार्कोसने त्या सुमारे १२० पार्सेकवर ठेवल्या, इतर पद्धती १३५ च्या आसपास सांगत होत्या. बरीच वर्षं वाद चालला. गायाची मोजणी १३५-१३६ वर आली.

सूर्याबाहेरचे सर्वांत जवळचे तारे ‘मित्र’ आणि त्याचे जोडीदार, मग पराशय पहिल्यांदा हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचा कसा मिळाला? आणि मित्र आमच्याकडून दिसतो का?
(वाचक, सांगली)

मित्राचं (आल्फा सेंटॉरीचं) निरीक्षण खरं तर आधी झालं होतं. खगोलशास्त्रज्ञ टॉमस हेंडरसनने १८३२-३३ मध्ये केप ऑफ गुड होपला ते घेतलं, पण आकडे छापले १८३९ मध्ये. तोवर १८३८ मध्ये जर्मनीच्या बेसेलने ६१ सिग्नीचा, म्हणजे हंसातल्या त्याच अंधुक ताऱ्याचा, पराशय जाहीर केला : ०.३१४ विकला. आजचा आकडा ०.२८६, म्हणजे चूक दहा टक्क्यांची. बेसेलने तेज पाहून तारा निवडला नाही, वर्षाला ५.२ विकला सरकतो म्हणजे जवळचा असणार असा तर्क करून निवडला. त्याच सुमारास स्ट्रूव्हने अभिजितसाठी १८३७ मध्ये ०.१२५ काढले होते, जे आजच्या ०.१३० च्या अगदी जवळ आहेत. मग अधिक निरीक्षणं घेऊन त्याने ते दुप्पट करून टाकले. जास्त आकडे म्हणजे जास्त अचूक, असं नसतं ते असं.

सांगलीहून मित्र दिसतो, पण क्षितिजापासून जेमतेम १२ अंशांवर चढतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराच्या सुमारास दक्षिणेला झाडं-इमारती नसलेल्या जागी उभे राहा. दक्षिण क्षितिजालगत दोन तेजस्वी तारे शेजारी दिसतील, त्यांतला डावीकडचा, अधिक तेजस्वी आणि किंचित पिवळसर, तो मित्र. जूनचा पहिला आठवडा गेला की पुढे ढगच.